कापडावर नाव कुणाचं?

खान्देशात कापूस पिकतो आणि घरोघर गोधडी शिवली जाते. चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या बाजूच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या बोटांत कवड्या-भिंगांचं भरतकाम अजून आहे. यावल-रावेरला घड उतरवला की केळीचे खांब बांधावर टाकून द्यावे लागतात. हे साहित्य आणि हे हात पाहून वस्त्रकला शिकलेली मुलंमुली आता गावांकडे वळताहेत. गावातल्या बायकांबरोबर बसून ती भिंतीवरचे पट करतात, पडदे विणतात, प्रदर्शनासाठी मोठ्या मांडण्या उभारतात. या कामाला ती सहनिर्मिती म्हणतात.

ही वाट चांगली आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच तिच्यातला अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. अनेकांनी मिळून केलेल्या वस्तूवर नाव कुणाचं, पैसा कुणाला किती आणि नाही म्हणायचा हक्क कुणाला? या प्रश्नाच्या दोन बाजू मी इथे समोरासमोर बसवल्या आहेत. भाची जळगावची, डिझाइन शिकून परत आलेली. मामा धुळ्याचे, कापडगिरणीच्या साचेखात्यात जॉबर म्हणून हयात घालवलेले. त्यांना नावं दिली नाहीत, कारण अशी माणसं खान्देशातल्या अनेक घरांत आहेत आणि त्यांचं बोलणं मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे.

मामा: तुझा भिंतीवरचा पट पाहून आलो. काम झकास झालंय. जवळ गेलं की एकेक जुनं लुगडं ओळखू येतं. पण शेजारच्या पाटीवर एकच नाव आहे, तुझं. सगळे टाके तू घातलेस का?

भाची: थोडे घातले. बाकीचे यावलजवळच्या गावातल्या बायकांनी. पाटीवर तसं लिहिलंय ना, ‘स्थानिक महिलांच्या सहकार्याने’.

मामा: लग्नपत्रिकेच्या खाली ‘समस्त गावकरी मंडळी’ छापतात, तसं झालं हे. त्यातून एकही माणूस कळत नाही.

भाची: पण रचना माझी आहे, मामा. कुठलं लुगडं कुठे बसवायचं, काठ आडवा घ्यायचा की उभा, कुठे नुसतं पांढरं धोतर मोकळं सोडायचं, हे सगळं मी ठरवलं. तुमच्या मनानं शिवा असं सांगितलं असतं तर त्यांनी सुंदर गोधडी केली असती, पण हा पट झाला नसता.

मामा: बरं. आणि त्यांनी शिवायला नकार दिला असता तर?

भाची: तर तो कागदावरच राहिला असता.

मामा: मग गोधडी कशी शिवतात ते मला सांग. मला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय.

भाची: खाली धडसं लुगडं अंथरायचं, ते अस्तर. त्यावर विरलेल्या साड्या, धोतरं, मुलांचे उसवलेले कपडे यांचे थर द्यायचे. वरून पुन्हा चांगलं कापड. सुरकुती राहू नये म्हणून चौघी चार कोपरे ताणून धरतात. मग लांब टाक्यांनी टाचून घेतात, म्हणजे थर सरकत नाहीत. आणि मग कडेपासून धावदोरा. एका ओळीला लागून दुसरी ओळ, फिरत फिरत मध्यापर्यंत. शेतातली कामं आवरली की उन्हाळ्यात हे काम निघतं. चौघी चार बाजूंना बसतात आणि प्रत्येकीचा हात वेगळा. एकीचा टाका बारीक आणि घट्ट, दुसरीचा लांब आणि किंचित तिरका. डावखुरी असली तर तिच्या ओळीचा कल उलटा पडतो. पट पुरा झाला तेव्हा प्रत्येकीनं बोट ठेवून सांगितलं, इथून इथपर्यंत माझं.

मामा: म्हणजे कापडावर त्यांची नावं आहेतच. पाटीवर तेवढी यायची राहिलीत.

भाची: तुम्ही इतकी वर्षं गिरणीत कापड काढलंत. कुठल्या ताग्यावर विणणाऱ्याचं नाव असायचं?

मामा: नसायचं. शिक्का गिरणीचा. पण हजेरीपत्रकावर आमचं नाव होतं, पगाराच्या पावतीवर होतं, फंडाच्या खात्यावर होतं. पाळी आठ तासांची. साचा बंद पडला तर तो वेळ कुणाच्या माथी, याचाही नियम होता आणि नियम मोडला तर भांडायला युनियन होती. कापडावर नाव नव्हतं, पण हिशेब नावावर होता. तुमच्या सहनिर्मितीत मात्र कापडावर नाव नाही आणि वहीत हिशेबही नाही, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

भाची: गिरणीची बाजू तुम्ही घेणारच. पण गिरणीच्या स्वस्त कापडानंच इथले हातमाग आणि रंगारी बसले ना? बऱ्हाणपूर ही जुन्या खान्देशाची राजधानी. सतराव्या शतकात तावेर्निए हा फ्रेंच व्यापारी तिथून गेला. तिथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जातं असं त्यानं लिहून ठेवलंय. फैजपूर कापडाच्या छपाईसाठी आणि गडद निळ्या, लाल रंगांसाठी नावाजलेलं होतं. पारोळ्याला लुगड्यांचा व्यापार चाले. सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या जोडीला जाडंभरडं सुती आणि लोकरीचं कापड विणलं जाई. इंग्रजांच्या गॅझेटियरांत या सगळ्याच्या नोंदी आहेत. आज यातलं बाजारात काय दिसतं?

मामा: खरं शे. पण गिरणीचं कापड आलं म्हणून गरिबाच्या अंगावर दुसरं कापड चढलं, तेही सांग. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा खान्देशच्या कापसाला न भूतो असा भाव आला. पुढच्या दशकात जळगावला वाफेवरची गिरणी उभी राहिली. नंतर अमळनेरला प्रतापशेठजींची प्रताप मिल. गिरणीच्या पगारावर पिढ्या जगल्या. तुझ्या आईचं शिक्षण झालं ते माझ्या पाळीच्या पैशावर. जळगावच्या त्या गिरणीच्या जागेवर आज बाजारसंकुल आहे. हात गेला तसं यंत्रही गेलं. म्हणून हाताचं ते थोर आणि यंत्राचं ते हलकं, असं माझ्यासमोर बोलू नकोस. साच्यावर ताण्याचा एक धागा तुटला तर शेकडो धाग्यांतून तो नजरेनं हेरून, फणीतून ओवून गाठ मारणारा हातच होता.

भाची: यंत्राला मी हलकं म्हणत नाही. मला चिंता आहे ती आत्ता गोधडी शिवणाऱ्या बाईची. कारखान्याचं ब्लँकेट काही शे रुपयांत मिळतं. त्या भावात गोधडी विकायची तर तिनं सुई खाली ठेवलेली बरी. तिचा टाका मी भिंतीवर नेते तेव्हा त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळतं. रात्रंदिवस सोबत असलेल्या वस्तूकडे लोक पहिल्यांदा थांबून बघतात.

मामा: बघतात हे चांगलंच आहे. पण बघण्याचे पैसे होतात का ते पाहू. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होता. तेवढाच धर. एका बाईला एक गोधडी शिवायला, समज, बारा दिवस लागले. किती झाले?

भाची: ३,५६४ रुपये.

मामा: हे माती उपसायच्या दरानं. टाक्यातलं कसब त्यात धरलेलंच नाही. आते सांग, पिशव्या नि पाकिटं करून घेणारे किती जण तिला एवढे देतात? नगावर मोजतात आणि मोकळे होतात.

भाची: मी नगावर देत नाही, दिवसावर देते. नगावर दिलं की टाका लांब होतो, हे मी पाहिलंय. नगाचा भाव ठरला की बाई घाई करणार, त्यात तिची चूक नाही. पण मला फार उरतं असं तुम्हाला वाटत असेल तर ऐका. पट विकला गेला तर गॅलरीचा वाटा निम्म्यापर्यंत जातो. मग चौकट, वाहतूक, दोरा, प्रवास. उरलेल्यावर पुढचं काम उभं करायचं. आणि वर्षभर काहीच विकलं गेलं नाही तरी बायकांची मजुरी मी आधीच दिलेली असते. ती जोखीम माझी.

मामा: ती जोखीम मोठी आहे, मी नाकारत नाही. मग हाच हिशेब त्या बायकांसमोर मांड. पट केवढ्याला गेला, गॅलरीनं किती घेतले, तुला किती उरले. त्या बचत गट चालवतात, व्याजाचा हिशेब तोंडी करतात. कळल्यावर त्याच म्हणतील, तुझा वाटा रास्त आहे. लपवलंस तर तू सोन्यासारखी वागलीस तरी संशय राहणार.

भाची: हे मला पटतंय. पण नावाचं अजून पटलेलं नाही. तुम्हाला आपल्याच खान्देशातली गोष्ट सांगते. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडप आणि नगर सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोसांना बोलावलं. नंदलालांनी म्हात्रे या वास्तुविशारदांबरोबर अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं ते इथल्याच बांबूचं आणि गावात मिळणाऱ्या साध्या साहित्याचं. अध्यक्षांच्या मिरवणुकीचा रथ सजवला, तो बैलांनी ओढला. एवढा मोठा चित्रकार खेड्यातल्या साहित्याकडे आणि कारागिराकडे आला. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी ढोलकरी, शिंपी, सुतार यांची चित्रं काढली, तीही याच वाटेवरची. माझ्या कामाचं मूळ मी तिथे मानते.

मामा: उदाहरण लाखमोलाचं दिलंस. पण ते पुरतं बघ. फैजपूरचं खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन उघडताना गांधीजींनी नंदलालांचं आणि म्हात्र्यांचं नाव घेऊन त्यांना श्रेय दिलं. म्हणजे श्रेय देण्याची रीत तेव्हा होती. ती दोन नावांपाशी येऊन थांबली. बांबू चिरणाऱ्या हातांची, ताट्या बांधणाऱ्यांची नावं आज फैजपुरात कुणाला पाठ आहेत? नंदलालांची वाट धरलीस ना, तर ती थांबली तिथून पुढे ने.

भाची: सगळ्यांची नावं एका ओळीत लिहिली तर रचणारा आणि उतरवणारा यांतला फरकच पुसला जातो. तुमच्या धुळ्याच्या तुरुंगातलं बघा. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. अक्षर न् अक्षर गुरुजींच्या हातचं, तरी पुस्तक विनोबांचंच.

मामा: विनोबांचंच. पण ‘गीता प्रवचने’ म्हटलं की गुरुजी आठवत नाहीत, असा माणूस मला दाखव. बोललं कुणी आणि उतरवलं कुणी, दोन्ही लोकांना ठाऊक आहे. आता जळगावकडे ये. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरातलं, शेतातलं काम करता करता त्या गाणी रचायच्या. लिहून घेतली ती घरच्या शिकलेल्यांनी. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली ती आईच्या नावानं. लेखणी ज्यांच्या हातात होती त्यांनी आपलं नाव पुढे केलं नाही. आज आपल्या विद्यापीठाला त्या माउलीचं नाव आहे. तुझ्या कामात लेखणी तुझ्या हातात आहे, बेटा.

भाची: पण मी नुसती उतरवून घेत नाही, मामा. मीही रचते. ते नाव मी का सोडू?

मामा: सोडू नकोस. रचना तुझी म्हणून तुझं नाव लिही. टाके त्यांचे म्हणून त्यांची नावं लिही. कापड कुणी रंगवलं असेल तर त्याचं लिही. ज्याचं जे काम, त्यापुढे त्याचं नाव. मग फरक पुसला जाणार नाही, उलट आज दिसत नाही तो दिसेल.

भाची: त्यांची इच्छा असली पाहिजे ना? एकीनं मला सरळ सांगितलं, ताई, नाव नको. पेपरात नाव आलं की घरात बोलणी बसतात. पैसे वेळेवर द्या, तेवढं पुरे. तिच्या शेजारणीला मात्र फोटोसकट नाव हवं होतं.

मामा: मग एकीचं नको, दुसरीचं लिही. तू विचारलंस, हेच मोठं काम केलंस. न विचारता गाळणं आणि विचारून न लिहिणं यांत फार अंतर आहे.

भाची: तांड्यावर हे एवढंही सोपं नाही. तिथे कांचळी, फेटिया, टुकरी या कपड्यांवरची नक्षी आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे आलेली. टाका मुलीचा, पण नक्षी साऱ्या तांड्याची. एकाच बाईचं नाव घातलं तर बाकीच्यांना वाटतं, आमचं तिनं विकलं. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते साऱ्या समाजाच्या कामाला.

मामा: आपल्याकडे केळीला आणि भरताच्या वांग्याला मिळालंय की.

भाची: २०१६ मध्ये. पण मानांकन नावाची राखण करतं. नक्षी कुणी उचलली तर ते अपुरं पडतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालेलं होतं. तरी २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये त्याच धाटणीच्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीनं भारतीय मूळ मान्य केलं.

मामा: तू तांड्याची नक्षी मुंबईला नेतेस, तेव्हा त्यात आणि यात फरक काय?

भाची: हा प्रश्न मी स्वतःला विचारते. कापड, माप आणि रंग मी सुचवते. नक्षी कुठली भरायची ते तांड्यावरच्या बायका ठरवतात. लग्नातल्या एका वस्तूवरची नक्षी विकायची नाही असं जाणत्या बाईनं सांगितलं. ती मला फार आवडली होती, पण तिचा मी फोटोही काढला नाही. आणि वेळ त्यांच्या सोयीनं धरते. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. मार्चमध्ये प्रदर्शन आहे म्हणून जानेवारीत काम मागितलं तर करणार कोण? म्हणून तांड्याचं काम पावसाळ्यात.

मामा: हे ऐकून बरं वाटलं. नाही म्हणता येतं तिथेच भागीदारी असते. एरवी ती मजुरी, आणि मजुरी असली तर तिला मजुरी म्हणावं.

भाची: जगात यातून लोक कसे गेले तेही सांगते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून गाव आहे, गुलामगिरीत राबलेल्या कुटुंबांच्या वंशजांचं. तिथल्या बायका शेतात घालायच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव. २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली.

मामा: आणि पैशाचं?

भाची: तिथे वाद झाला. २००७ मध्ये त्यांतल्या काही जणी न्यायालयात गेल्या. आपल्या कामाचे हक्क आणि मोबदला यांचा जाब मागितला. पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं.

मामा: बघ. पाटीवर नावं आली, संग्रहालयात मान मिळाला, तरी हिशेबावरून कोर्टाची पायरी चढावी लागली. नाव आणि वही जोडीनं लागतात. नुसत्या नावानं पोट भरत नाही आणि नुसत्या पैशानं मान मिळत नाही.

भाची: आता तुमच्या कामातलं विचारते. केळीच्या धाग्याचे पडदे विणायचे आहेत. खांबाची सोपटं सुटी करून यंत्रात घालतात. बोथट पात्यांचा फिरता रूळ गर खरवडून टाकतो आणि हातात ओल्या बटा उरतात. त्या धुऊन सावलीत वाळवल्या की छान चमक येते. बाहेरच्या सोपटांचा धागा राठ, गाभ्याकडचा बारीक आणि पांढरा. पण मागावर चढवला की तुटतो.

मामा: ताण्याला लावलास?

भाची: ताण्याला आणि बाण्याला, दोन्हीकडे.

मामा: ताण्याला नको. ताणा सतत ओढीत असतो आणि दर ठोक्याला फणी त्याला घासते. कापसाच्या सुताला पीळ असतो. हा धागा टोकाला टोक गाठून लांबवलेला. एकेक गाठ फणीत अडकणार. ताणा सुताचा घे, त्याला नीट कांजी दे. घोंगडी विणणारे सणगर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, ती करून बघितलीस तरी चालेल. केळ फक्त बाण्याला. कांड्या भरल्या की ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. कोरडा पडला की हा धागा कडक होतो आणि मोडतो. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, त्यात हे विणायचंच नाही. पावसाळ्यात विण.

भाची: जपानच्या ओकिनावातही दमट हवेतच विणतात! तिथल्या किजोका गावात केळीच्या जातीच्या झाडापासून बाशोफू नावाचं कापड होतं. एका किमोनोच्या कापडाला सुमारे २०० झाडं लागतात. सोपटं राखेच्या पाण्यात उकळायची, खरवडून धागा काढायचा, हातानं गाठत जायचं. दुसऱ्या महायुद्धात ते काम जवळजवळ संपलं होतं. तोशिको तायरा या बाईंनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन ते पुन्हा उभं केलं. १९७४ मध्ये जपान सरकारनं त्या विणकामाला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली ती गावाच्या मंडळाच्या नावानं. तायराबाईंना व्यक्ती म्हणून सर्वोच्च मान मिळाला तो २००० मध्ये.

मामा: आधी मंडळ, मग बाई. आणि बाईंचं कर्तृत्व त्यानं तसूभरही कमी झालं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच दिलंस.

भाची: मग या पडद्यांच्या पाटीवर तुमचंही नाव येणार, मामा.

मामा: येऊ दे. पण ‘सल्लागार’ लिहू नकोस, त्यातून काही कळत नाही. ‘ताणा-बाणा जुळणी’ लिही आणि त्यापुढे माझं नाव. आणि माग लावायला येईन त्या दिवसांची मजुरी इतरांसारखीच लाव.

भाची: लावते. म्हणजे आपलं हे तरी ठरलं.

मामा: एक मात्र मला अजून पटत नाही. गोधडी अंगावर घ्यायची वस्तू आहे. धुवायची, उन्हात टाकायची, पोराला त्यात गुंडाळायचं. भिंतीवर टांगली की तिचं काम थांबलं.

भाची: एका अर्थी थांबलं. पण आपल्या शेजारी अजिंठा आहे. तिथल्या चित्रांत पट्ट्यांची, ठिपक्यांची, हंसांच्या नक्षीची वस्त्रं आहेत. ते कापड विणणारे गेले, कापड विरून गेलं. भिंतीवर उतरलं तेवढंच आज आपल्याला माहीत आहे. वापरातली गोधडी विरणारच, ते तिचं भाग्य आहे. पण प्रत्येक पिढीतल्या थोड्या तरी भिंतीवर राहिल्या पाहिजेत, म्हणजे पुढच्या मुलींना टाका बघून शिकता येईल.

मामा: मग ती भिंत आधी जळगावची, धुळ्याची असू दे. ज्यांनी शिवलं त्यांनाच पट लागलेला बघता आला नाही, तर कसली सहनिर्मिती? एसटीनं सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येईल अशा जागी तो आधी लागला पाहिजे. मुंबई-दिल्ली नंतर.

भाची: पहिलं प्रदर्शन इथेच. हे मी लिहून देते.

गोधडीची जागा अंगावर की भिंतीवर, हा दोघांतला मतभेद राहिला आणि तो राहिलेला चांगला, कारण दोन्ही बाजूंनी गोधडीवरची मायाच बोलते आहे. नावाच्या आणि पैशाच्या बाबतीत मात्र मला मधला मार्ग दिसत नाही. मामांची मागणी रास्त आहे आणि ती पुरी करणं भाचीच्या पिढीला सहज शक्य आहे. त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही. कापड बेतण्याआधी एक साधा मराठी कागद करावा. त्यात दिवसाची मजुरी असावी, विक्री झाल्यास वाटा असावा, विक्रीचा हिशेब कधी दाखवणार ते असावं. कुणाचं नाव कुठल्या कामापुढे यायचं आणि कुणाला नाव नको आहे, ते असावं. कुठली नक्षी विकायची नाही, तेही असावं. जमलेल्या सगळ्यांसमोर तो मोठ्यानं वाचावा आणि एकेक प्रत प्रत्येकीच्या घरी जावी.

वस्त्रकलाकारांनी खान्देशात यावं, राहावं, भरपूर काम करावं. इथल्या टाक्याला, केळीच्या धाग्याला, तांड्याच्या नक्षीला नव्या नजरेची गरज आहे आणि ती नजर दाखवणाऱ्याचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. पण हे काम बघायला आणि विकत घ्यायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांवरही एक जबाबदारी येते. पटासमोर उभं राहून किंमत विचारतो, तसं हे शिवलं कुणी आणि त्यांना काय मिळालं, हेही विचारायचं. उत्तर देता येत नसेल तिथून काही घेऊ नये. गिऱ्हाईक असं विचारू लागलं की कलाकारांना आणि गॅलऱ्यांना नावांची यादी आणि हिशेबाची वही तयार ठेवावीच लागेल.